मास्तरांच्या पाईनवरचा मावा

आमच्या घरमालकांना सगळी कॉलनी मास्तर म्हणायची, पण त्यांनी आयुष्यात एकही वर्ग घेतला नव्हता. ते एसटीत कंडक्टर होते. आपल्याकडे गाडीत कंडक्टरला मास्तर म्हणतात. ते निवृत्त झाले तेव्हा ती हाक त्यांच्याबरोबर घरी आली. नवे भाडेकरू पहिल्या महिन्यात हमखास त्यांच्याकडे मुलांच्या शिकवणीचं विचारायला जात. मीही गेलो होतो. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हिंगोलीपासून कोन्त्याबी गावाचं नाव घ्या, मधले थांबे सांगतो. बाकी काही येत न्हाई आपल्याला."

त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही बरीच वर्षं राहिलो. तेवढ्या काळात त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. चहा ते दारात उभं राहून घेत. एक खांदा चौकटीला टेकलेला, पाय किंचित फाकवलेले, जणू घर केव्हाही ब्रेक मारील. जेवणही उभ्यानेच, ताट खिडकीच्या कट्ट्यावर. त्यांच्याशी बोलायचं तर चालावं लागे. वाक्य फाटकापाशी सुरू होई, पाण्याच्या टाकीपाशी अर्ध्यावर येई आणि संपायच्या आत आपण पुन्हा फाटकापाशी असू. एकदा गळक्या नळाची तक्रार सांगताना मी त्यांच्याबरोबर घराभोवती फिरत राहिलो आणि नळाचं सांगायचं राहूनच गेलं.

आठवड्यातून एकदोनदा ते बसस्टँडवर जात आणि जी गाडी सुटत असेल तिच्यात चढत. आखाडा बाळापूरला उतरून चहा घ्यायचा आणि परतीच्या गाडीने घरी. कधी नरसी, कधी जवळा बाजार. काय काम होतं म्हणून विचारलं तर म्हणत, "काम कायचं? गाडी जाऊन राहिली होती."

ते औंढ्याकडच्या एका तांड्यावरचे. आपल्या या स्वभावाचा त्यांनी स्वतःपुरता खुलासा करून ठेवला होता. आजे-पंजे बैलांवर मीठ लादून मुलूख पालथा घालायचे, आपण तिकिटं फाडत तेच केलं, घरात बसायचं कोणी शिकवलंच नाही. हे सांगतानाही ते फाटकाची कडी उघडत आणि लावत असत.

फाटकाच्या आत डाव्या हाताला एक झाड होतं. उंची पहिल्या मजल्याच्या गच्चीच्या वर गेलेली, पानांच्या जागी हिरव्या लांब सुयांचे झुपके. कॉलनीत कोणी त्याला सुरू म्हणे, कोणी खोटा अशोक, मुलं क्रिसमसचं झाड म्हणत. माझी नोकरी वजनमापं तपासणाऱ्या खात्यातली आहे. वस्तूचं नाव आणि माप नीट ठाऊक नसलं की मला चैन पडत नाही. राहायला आलो त्याच आठवड्यात मी विचारलं. मास्तर म्हणाले, "पाईन हाय. पोरीच्या नवऱ्यानं लावलेलं."

जावई म्हणाले नाहीत. कधीच म्हणत नसत.

ती हकीगत आम्हाला मावशींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने सांगितली. त्यांची एकुलती मुलगी नर्स. नोकरीसाठी उत्तरेकडे डोंगरात गेली आणि तिथल्याच एका माणसाशी लग्न केलं. घरी कळवलं ते लग्नानंतर, फोनवरून. मास्तरांनी फोन ठेवला आणि स्टँडवर जाऊन मिळेल त्या गाडीत चढले. पुढच्या वर्षी मुलगी नवऱ्याला घेऊन आली. त्याने सगळ्या प्रवासात मांडीवर तेलाचा एक रिकामा डबा धरला होता आणि त्यात हे रोप होतं. ते दोघं राहिले तेवढे दिवस मास्तर पहिल्या गाडीने निघत आणि शेवटच्या गाडीने परत येत. जावयाशी एक शब्द बोलले नाहीत. तो बिचारा मराठी येत नसलेला माणूस, दिवसभर करणार काय? त्याने फाटकापाशी खोल खड्डा खणला, काळी माती उपसून टाकली, कुठून तरी मुरूम आणून भरला आणि रोप लावलं. मग ते दोघं गेले. परत आले नाहीत.

लेक एवढ्या लांब गेल्यावर मावशींनी मुंग्यांना खाऊ घालायला सुरुवात केली. रोज सकाळी अंघोळ झाली की चिमटीतून पीठ आणि साखर सोडायच्या, त्याच झाडाच्या बुडाशी. लेकीच्या ताटात वाढता येत नाही, तर कोणाच्या तरी तोंडात घास जावा, असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या. मावशी गेल्या तेव्हा दहाव्याच्या आधीच मास्तर पिठाची वाटी घेऊन झाडापाशी उभे दिसले. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. मुंग्यांनाही ती वेळ ठाऊक झाली होती. मास्तर यायच्या आधीच त्यांची रांग लागलेली असे.

दर रविवारी मुलीचा फोन येई. मास्तर फोन कानाला लावून चालत, त्यामुळे बोलणं आमच्या दारावरून जाई तेव्हा ऐकू येई. ती पहिल्यांदा विचारी, "बापू, झाड कसं हाय?" मग मास्तर झाडाची बातमी देत. नवा शेंडा फुटला, वरच्या फांदीवर साळुंकी बसते, वाऱ्यात आवाज येतो. ती नवऱ्याचं काही बोलत नसे, हे विचारत नसत. झाडाचं संपलं की फोन संपे. मला वाटतं, त्या बापलेकीत बोलायला तेवढी एकच वस्तू शिल्लक होती.

अधूनमधून ते पिशवी भरून रेल्वे स्टेशनवरही जात. उत्तरेकडची गाडी येई, थांबे आणि सुटे. मास्तर पिशवीसकट घरी परत. एसटीत कुठेही चढणारा हा माणूस तिथे पायरीवर पाय ठेवू शकत नव्हता.

ज्या वर्षाचं मी सांगतो आहे त्या वर्षी पौषात आभाळ सारखं झाकोळून राहिलं. खेड्यांतून येणारी माणसं करडईवर मावा पडला, ज्वारीवर चिकटा आला म्हणून सांगत होती. आमच्याकडे तो पाईनवर पडला. आधी फाटकाजवळची फरशी चपलेला धरून ठेवू लागली. मग माझ्या स्कूटरच्या सीटवर साखरेचं पाणी शिंपडल्यासारखे थेंब दिसले. वर पाहिलं तर कोवळ्या फांद्या तपकिरी किड्यांनी लगडलेल्या. एकमेकांना चिकटून बसलेले, फांदीची साल दिसेना. जिथे चिकटा सुकला तिथे काजळीसारखी बुरशी चढली. सुया पिवळ्या पडू लागल्या.

मास्तरांचं निदान होतं की झाडाला शक्ती कमी पडली. त्यांनी युरिया आणला आणि हात सैल सोडून बुडाशी घातला. झाडाला हिरवेगार कोंब फुटले आणि मावा त्या कोंबांवर जाऊन बसला.

शेजारच्या घराची गच्ची झाडाला लागून होती. तिथले गृहस्थ खत-औषधांचे दुकानदार, आणि त्यांची बायको, जिला सगळे वहिनी म्हणत, उन्हाळ्याचं वाळवण अख्ख्या गोतावळ्यासाठी करणारी. तिच्या कुरडया परभणी-नांदेडपर्यंत नातेवाइकांकडे जात. होळी जवळ आली की तिची गच्ची पांढऱ्या धोतरांनी भरायची आणि त्यावर कुरडया वाळायच्या. त्या वर्षी तिने सुरुवातीला थोड्या तांदळाच्या पापड्या घालून पाहिल्या. संध्याकाळी त्या धोतरासकट उचलून तिने मास्तरांच्या फाटकावर आणून टांगल्या. एकही पापडी सुटत नव्हती.

दुकानदार समजूतदार माणूस. त्यांनी भांडण वाढू नये म्हणून स्वतः पंप पाठीला लावून झाडावर औषध मारलं, कपाशीवर मारतात तेच. दुसऱ्या दिवशी फरशीवर मेलेल्या माव्याचा सडा पडला. मास्तर खूश झाले. मी तो सडा झाडताना त्यात लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडेही पाहिले आणि दुकानदारांना दाखवले. ते म्हणाले, सुक्याबरोबर ओलंही जळतं, इलाज नाही. पण ढालकिडा हा माव्यावर जगणारा किडा. तो मेला, आणि सालीच्या फटीत उरलेला मावा मोकळा झाला. काही दिवसांतच चिकटा पूर्वीपेक्षा जोरात गळू लागला.

मग वहिनी गच्चीच्या कठड्याशी येऊन उभी राहिली. "मास्तर, तुमचं झाड रडून राहिलं का मुतून राहिलं? माझ्या कुरडया कुठं घालू, तुमच्या डोक्यावर?"

मास्तर फाटकापासून टाकीपर्यंत गेले, परत आले. त्यांना स्त्रीशी भांडणं जमत नसे. म्हणाले, "वहिनी, होळीला मी तांड्यावर जातो. त्याच्या आधी चिकटा बंद झाला न्हाई, तर माझ्या हातानं झाड तोडून मग जाईन. जबान हाय."

"आन् बंद झाला का न्हाई, ठरवणार कोण? तुमी म्हणसान झाला."

"हे भाऊ ठरवतील," मास्तरांनी मला पुढे केलं. "वजनमापवाले हायेत. यांच्याच्यानं खोटं बोलवत न्हाई."

अशा रीतीने ते काम माझ्याकडे आलं. मी वहिनीच्या गच्चीवर झाडाच्या फांदीखाली काचेचा एक तुकडा ठेवायचं ठरवलं. रोज तीच जागा, सकाळी पुसून ठेवायचा, संध्याकाळी उचलायचा आणि थेंब पाहायचे. पहिल्या संध्याकाळी काच धुक्यासारखी पांढरट झालेली. थेंब मोजण्यासारखे सुटे नव्हतेच.

त्या रविवारी मुलीचा फोन आला. मास्तरांनी पहिल्यांदाच झाड बरं असल्याचं खोटं सांगितलं. फोन ठेवल्यावर माझ्याशी चालत म्हणाले, "झाड गेलं तर पोरीशी काय बोलू, भाऊ? दुसरं काय हाय बोलायला?"

मी म्हणालो, ज्याने लावलं त्याला विचारा. डोंगरातला माणूस आहे, या झाडांत वाढला आहे. मास्तर फिस्कारले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी माझ्यापाशी येऊन म्हणाले, "लावून द्या नंबर. नावानं हाक मारणार न्हाई मी."

फोन लागला खरा, पण मास्तर चालू लागले की टाकीपाशी तो कटायचा. पलीकडून व्हिडिओ सुरू केला होता आणि चित्र नुसतं थिजायचं. शेवटी समजलं, रेंज फक्त झाडाखाली भिंतीच्या कोपऱ्यात टिकते. मास्तरांना तिथे उभं राहावं लागलं. हाताने ते शर्टाची बटणं लावत-काढत राहिले, पण पाय हलले नाहीत.

मास्तरांचं हिंदी स्टँडवरचं. त्यांनी आजार सांगितला आणि इलाज विचारला. तो माणूस प्रामाणिकपणे म्हणाला, "हमारे यहाँ तो कोई कुछ नहीं करता, बाबूजी. बारिश धो देती है, बाकी चिड़िया खा लेती है."

"इधर बारिश जून में आती," मास्तर म्हणाले.

त्याने खताचं विचारलं. भरपूर देतो, असं मास्तरांनी अभिमानाने सांगितलं. तेव्हा तो म्हणाला की बंद करा, हे दगडात उगवणारं झाड आहे, खताने कोंब मऊ येतात आणि किड्याला तेच हवे असतात. पाण्याच्या जोराने फांद्या धुवा, म्हणजे पावसाचं काम होईल. मग त्याने खोड दाखवायला सांगितलं. मास्तरांनी फोन खोडाकडे वळवला.

"चींटी बहुत है, बाबूजी. पहले चींटी को रोकिए."

"चींटी का मत बोलो," मास्तर म्हणाले आणि फोन बंद केला.

पुढचे दोन दिवस ते गाड्यांतून फिरत होते. तिसऱ्या सकाळी त्यांनी मला हाक मारली. पिठाची वाटी हातात तशीच होती. "भाऊ, तुमचं ते भिंग आणा बरं."

वजनांवरचे शिक्के पाहायचं भिंग माझ्याकडे असतं. मास्तरांनी ते खोडाला लावलं आणि मला पाहायला सांगितलं. खोडावर मुंग्यांच्या दोन रांगा, एक वर, एक खाली.

"वर जाणारी बघा. रिकामी हाय. आता खाली येणारीचं पोट बघा. गच्च भरलेलं. पंचवीस वर्षं हेच केलं मी, चढणारा कसा चढतो आन् उतरणारा कसा उतरतो. ही गाडी वर रिकामी जाऊन राहिली आन् भरून येऊन राहिली."

मी पाहिलं. उतरणाऱ्या मुंग्यांची पोटं ताणून काचेसारखी झाली होती. शिडी लावून वरच्या फांदीवर पाहिलं तर मुंगी माव्याला मिशीने टिचकी मारी आणि मावा तिच्या तोंडात थेंब सोडी. एक चुकार ढालकिडा तिकडे आला, तर तिघीचौघींनी त्याच्या पायाला धरून त्याला खाली लोटलं. मुंग्या माव्याची राखण करत होत्या, आणि त्या राखणदारांना रोज सकाळी साखर-पीठ घालून झाडापाशी बोलावणारे मास्तर होते.

"मीच पोसल्या," मास्तर म्हणाले.

मी म्हणालो, मग घालणं बंद करा. यावर ते टाकीपर्यंत गेले आणि परत आले. "तिनं लावून दिलेलं हाय. ते बंद न्हाई करता येत."

एक दिवस मात्र त्यांनी करून पाहिलं. वाटी भरलीच नाही, दिवसभर जेवलेही नाहीत. त्या दिवशी मुंग्यांची वर जाणारी रांग दाट झाली. खालचं मिळेना म्हणून साऱ्याच वर निघाल्या. मास्तरांच्या तोंडावर मला सुटका झाल्यासारखा भाव दिसला. उपाशी ठेवून भागणार नव्हतं. खायला द्यायचंच, फक्त दुसरीकडे.

पुढचं त्यांनी एसटीच्या रीतीने केलं. त्यांचं म्हणणं, गावाचा थांबा हलवायचा असला तर एकदम हलवत नाहीत, लोक ओरडतात. गाडी रोज थोडी पुढे नेऊन उभी करायची. त्यांनी पिठाची जागा रोज हातभर सरकवली. झाडापासून टाकीकडे, टाकीपासून मागच्या भिंतीकडे, जिथे मावशींनी लावलेली जास्वंद होती. मुंग्या कुरकुर न करता मागे गेल्या. जास्वंदीवरही मावा पडायचा, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, तिची जास्वंद आन् तिच्याच मुंग्या, घरातल्या घरात हाय. दरम्यान खोडाला त्यांनी पोत्याची पट्टी गुंडाळली आणि तिच्यावर डेपोतून आणलेलं ग्रीस थापलं. तरी वर मुंग्या दिसतच होत्या. त्यांचा रस्ता शोधायला आम्हाला वेळ लागला. माझ्या बायकोची कपडे वाळत घालायची दोरी त्या झाडाला बांधलेली होती आणि मुंग्या तिच्यावरून आमच्या कपड्यांना वळसा घालून आरामात ये-जा करत होत्या. दोरी सोडली. एक फांदी वहिनीच्या कठड्याला टेकत होती. तिचं टोक छाटलं. रोज सकाळी मास्तर पाइप लावून फांद्या धुऊ लागले. फवाऱ्याचं पाणी अंगावर घेत, लुंगी खोचून, झाडाभोवती गोल गोल फिरत. त्यांना फिरण्याजोगं काम मिळालं होतं.

मग ते म्हणाले, ढालकिडे पाहिजेत. दुकानातल्या औषधाने मारलेले परत आणायला हवेत. मी औषधाचा अंश जायला थोडे दिवस थांबायला लावलं, पण त्यांना थांबवणं सोपं नव्हतं; रोज सकाळी ते पिशवी घेऊन माझ्या दारात. शेवटी एका रविवारी जवळा बाजारच्या पुढे त्यांच्या ओळखीच्या करडईच्या शेतात गेलो. करडई फुलावर होती, काटे हाताला ओरबाडत होते आणि प्रत्येक बोंडावर दोनदोन ढालकिडे. आम्ही ते करडईची झाडं हलवून कापडावर पाडले आणि जेवणाच्या डब्यात भरले, वर भोकं पाडलेला कागद बांधून. मास्तर बांधावर हातातले काटे उपटत बसले नाहीत, चालता चालताच उपटत राहिले.

परतीच्या गाडीत गर्दी होती. कंडक्टर तरुण पोरगं, मास्तरांना ओळखणारं. "मास्तर, डब्यात काय हाय?"

"प्रवासी," मास्तर म्हणाले.

"तिकीट काढलं का त्यांचं?"

"माव्यावरचे माणसं हायेत, ड्युटीवर चालले. ड्युटीवाल्याला तिकीट नसतं, हे शिकवलं न्हाई का तुला?"

गाडी हसली. औंढ्याच्या जवळ कागद सुटला आणि चारपाच ढालकिडे खिडकीच्या काचेवर चढले. एका आजीने त्यातला एक बोटावर घेऊन निरखला, आणि मास्तरांनी मागितला तरी द्यायला तयार होईना. हिंगोलीला उतरताना कळलं, तिच्या गावच्या करडईलाही मावा होता.

ढालकिडे झाडावर सोडले. बरेचसे त्याच दिवशी उडून गेले, थोडे राहिले. पुढच्या आठवड्यात भिंगातून मला सुयांच्या बुडाशी पिवळ्या अंड्यांचे घोस दिसले. काच रोज ठेवत होतो. आधी थेंब एकमेकांत मिसळलेले असत, मग सुटे झाले, मग विरळ. मी कोणाची बाजू घेतली नाही. मास्तर रोज संध्याकाळी विचारत, मी पाहिलं तेवढं सांगे, आणि ते मुकाट्याने चालू लागत. होळी जवळ आली तशी त्यांची झोप उडाली असावी. डोळे तांबडे झाले, बोलणं अर्धवट सुटू लागलं. मुलीचा फोन त्यांनी एकदा घेतलाच नाही.

तांड्यावर जायच्या दिवशी वहिनीने पहाटेपासून गव्हाचा चीक शिजवायला घेतला होता. तिला थांबता येत नव्हतं. चीक गार झाला की सोऱ्यातून पडत नाही. ऊन वर आल्यावर मी काच उचलली. आदल्या दिवशी सकाळी ठेवलेली, संध्याकाळी मुद्दाम न उचललेली. मास्तर खाली झाडाशी उभे, हातात करवत. वहिनी कठड्याशी, हातात भरलेला सोऱ्या. दुकानदार दुकान उघडायचं सोडून फाटकात.

मी काच उन्हाकडे धरून पाहिली. पुन्हा भिंगातून पाहिली. खोटं बोलावंसं मला वाटलं नाही असं नाही.

"आहेत," मी म्हणालो. "अगदी थोडे आहेत. पण बंद झालेला नाही."

मास्तरांनी मान हलवली. माझ्यावर रागावले नाहीत. करवतीची मूठ उजव्या हातात धरून त्यांनी बुंध्यावर खूण शोधायला सुरुवात केली. मी म्हणालो, एवढ्याने काही होत नाही. दुकानदारही तेच म्हणाले. मास्तर म्हणाले, जबान चिकटा कमी होण्याची नव्हती, बंद होण्याची होती.

तेव्हा वहिनी वरून बोलली. आवाज नेहमीसारखाच, टोचून. "तोडता खरं मास्तर, पर ज्यानं लावलं त्याला इचारलं काहो?"

"त्याला काय इचारायचं?"

"काहून? जावाई न्हाई का तो तुमचा?"

मास्तर करवत घेऊन टाकीकडे गेले. परत आले. पुन्हा गेले. आम्ही तिघं पाहत राहिलो. वहिनीच्या सोऱ्यातला चीक थिजत असणार, पण तीही हलली नाही. तिसऱ्या फेरीला मास्तर माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "लावा."

नंबर लावून, स्पीकर सुरू करून मी फोन त्यांच्या हातात दिला. ते कोपऱ्यात रेंजच्या जागी जाऊन उभे राहिले.

"हिंगोली से बोलता," ते म्हणाले. मग त्यांनी सगळं सांगितलं, अडखळत. शेजारणीला शब्द दिला, आज मुदत संपली, थेंब अजून आहेत, करवत हातात आहे. "पेड़ तुम्हारे हाथ का है. मैं तो जबान देके बैठा. पर हमारे में ऐसा है, जमाई का शब्द आया तो ससुरे का शब्द पीछे होता. इसलिए लगाया फोन."

 

"बाबूजी," तो म्हणाला, "आप मुझसे पूछ रहे हैं?"

"हाँ. तुमको पूछ रहा."

"तो मत काटिए."

मास्तरांनी करवत भिंतीला टेकवली. मान वर करून म्हणाले, "वहिनी, जावायाचा शब्द आला. माझा मोडला. आता तुमी बोला, काय बोलायचं ते."

"मोडू द्या," वहिनी म्हणाली. "त्या बाजूच्या गच्चीवर घालते मी." मग ती कठड्यावरून एवढी वाकली की मला भीती वाटली, आणि फोनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ओ जमाईराजा, तुम्हारे पेड़ के वास्ते मैंने जागा छोड़ी. अब कुरडई खाने को आना पड़ेगा."

तो हसल्याचं ऐकू आलं. त्याने विचारलं, "कुरडई क्या होती है, बाबूजी?"

मास्तरांनी सांगायला घेतलं. "गेहूँ रहता ना, उसको भिगाते. तीन दिन. फिर उसका चीक निकालते. चीक मंजे..." ते माझ्याकडे वळले. "भाऊ, चिकाला हिंदीत काय म्हणत्यात?"

मला येत नव्हतं. दुकानदारांनाही येत नव्हतं. मास्तरांनी हाताने सोऱ्या दाबल्यासारखं करून दाखवलं, बोट गोल गोल फिरवलं, पण फोन कानाला होता आणि पलीकडे ते दिसत नव्हतं. ते थकले. भिंतीला पाठ लावून तसेच उभे राहिले.

"आके देखो," ते म्हणाले.